थोडा बर्फ, जोराचा वारा: ऑक्टोबर ते डिसेंबरमधलं हिमस्खलन कसं ओळखायचं, कसं टाळायचं

हिमालयात ऑक्टोबर ते डिसेंबर बर्फ कमी असतो. बुग्याळांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, गवताची टोकं वर डोकावत असतात, दगड उघडे असतात, पाऊल जेमतेम पोटरीपर्यंत रुततं. एवढ्याशा बर्फात कसलं आलंय हिमस्खलन, असं सहज वाटून जातं. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेची प्रशिक्षणार्थी तुकडी द्रौपदी का डांडा-२ या शिखराच्या चढाईवर असताना वरचा बर्फाचा थर सुटला आणि २९ जणांचा जीव गेला. त्यांतले बरेच जण उताराखालच्या हिमभेगेत गाडले गेले. भर हिवाळा तेव्हा फार दूर होता.

डिसेंबरात केदारकांठा, ब्रह्मताल, कुआरी पास हे ट्रेक करणारे, गिर्यारोहणाचे बेसिक आणि ॲडव्हान्स कोर्स करून पाच-सहा हजार मीटरच्या शिखरांकडे वळलेले, गुलमर्गला स्की घेऊन जाणारे, अशा सगळ्यांसाठी हे लिहिलं आहे. यांतल्या ट्रेकच्या वाटांचा बराचसा भाग जंगलातला आणि सौम्य चढाचा असतो. प्रश्न येतो तो झाडी संपल्यावर, माथ्याजवळच्या उघड्या उतारांवर आणि खिंडींच्या तोंडाशी.

लादी सुटते म्हणजे काय होतं

जीव घेणारी बहुतेक हिमस्खलनं स्लॅब प्रकारची असतात. स्लॅब म्हणजे लादी: एकमेकांना घट्ट धरून असलेला बर्फाचा सलग थर. त्याच्या खाली कमकुवत, भुसभुशीत थर असतो आणि त्याही खाली घसरायला टणक किंवा गुळगुळीत पृष्ठभाग. माणसाच्या वजनाने भुसभुशीत थर एका जागी कोसळला की ते कोसळणं क्षणार्धात बाजूला पसरत जातं, लादीला वरच्या बाजूने आडवी चीर पडते आणि तुम्ही उभे असलेलं अंगणच्या अंगण खाली निघतं. यासाठी उतार साधारण ३० अंशांहून जास्त लागतो. सर्वाधिक स्लॅब ३० ते ४५ अंशांवर सुटतात, त्यातही ३८ अंशांच्या आसपास. बळींच्या नोंदी पाहिल्या तर दहातल्या नऊ वेळा लादी सोडवणारा माणूस स्वतः बळी किंवा त्याच्याच गटातला कोणी असतो. दुःखाची गोष्ट आहे ही, पण याचाच अर्थ असा की बरंच काही आपल्या हातात आहे.

लादी लहान असली म्हणून हलकी नसते. २० मीटर रुंद, ३० मीटर लांब आणि फक्त ३० सेंटिमीटर जाड लादी घ्या. वाऱ्याने दाबलेल्या बर्फाचं वजन घनमीटरला २५० किलो धरलं तरी हिशोब ४५ टनांवर जातो. हंगामाच्या सुरुवातीला हे ओझं मऊ बर्फावरून वाहत नाही, ते माणसाला उघड्या दगडांवरून फरफटत नेतं. त्यामुळे गाडलं न जाताही डोक्याला आणि मणक्याला जीवघेणा मार बसतो. हेल्मेट म्हणूनच या दिवसांत फक्त शिखराच्या चढाईपुरतं ठेवू नये.

पातळ बर्फ आतून कसा नासतो

इथे थोडं थांबून समजून घेण्यासारखं आहे, कारण सगळ्या गैरसमजाचं मूळ इथे आहे. बर्फाखालची जमीन शून्य अंशाच्या आसपास उबदार राहते. वरचा पृष्ठभाग निरभ्र रात्री फार थंड होतो. या दोहोंमधला फरक जितक्या कमी जाडीत मावतो, तितका बर्फ लवकर बिघडतो. दर १० सेंटिमीटरला १ अंशाहून जास्त फरक असला की खालच्या उबदार भागातून वाफ वर सरकते आणि कणांवर पुन्हा गोठते. कण मोठे, कोनदार होतात आणि एकमेकांशी असलेली पकड सोडतात. ४० सेंटिमीटर बर्फ आहे आणि पृष्ठभाग उणे १६ आहे, तर फरक दर १० सेंटिमीटरला ४ अंश. उंबरठ्याच्या चौपट. हाच उणे १६ दोन मीटर जाड बर्फावर असला तर फरक ०.८ अंश, म्हणजे उंबरठ्याच्या आत. फेब्रुवारीत जाड थर स्वतःला सावरतो, नोव्हेंबरातला पातळ थर आठवड्याभरात साखर होऊन बसतो.

साखर हा शब्द नेमका आहे. मुठीत घेऊन दाबा: गोळा होत नाही, बोटांतून जाडसर रव्यासारखा निसटतो. असा थर उत्तर आणि ईशान्य बाजूच्या सावलीतल्या उतारांवर, मोठ्या दगडांच्या भोवती आणि वाकून आडव्या झालेल्या गवतावर हमखास सापडतो. ऑक्टोबरच्या पहिल्या हिमवृष्टीनंतर दोन-तीन आठवडे उघडीप गेली असेल, तर दक्षिणेकडचा बर्फ वितळून जातो आणि उत्तरेकडचा असा कुजत पडतो. नंतर जे काही पडेल ते या साखरेवर उभं राहतं. हिमनदीवर पाच हजार मीटरच्या वर जमिनीच्या जागी उन्हाळ्यातला जुना टणक बर्फ असतो. त्याच्यावर पावसाळ्याच्या अखेरीस पडलेला नवा थर नीट चिकटलेला असेलच असं नाही.

वारा काय करतो

हिमवृष्टी किती झाली हे सगळे विचारतात. वारा किती वाहिला आणि कुठून, हे विचारणारे कमी. सुका, मोकळा बर्फ ताशी २० ते २५ किलोमीटरच्या वाऱ्याने हलायला लागतो. ताशी ३० ते ६० किलोमीटरचा वारा लादी रचायला सर्वांत पोषक. वेग दुप्पट झाला तर वाहून नेलेला बर्फ दुप्पट होत नाही, साधारण आठपट होतो. त्यामुळे आभाळातून एक कणही न पडता, लख्ख उन्हात, वाऱ्याआडच्या उतारावर दोन-तीन तासांत अर्ध्या मीटरची भर पडू शकते. हिमवृष्टीच्या तुलनेत वारा एखाद्या उतारावर दहा पटींपर्यंत वेगाने बर्फ साचवू शकतो.

वाऱ्यात घरंगळताना पाकळीदार कण तुटून बारीक होतात आणि जिथे वारा मंदावतो तिथे एकमेकांत घट्ट बसतात. म्हणून ही लादी ताठ असते. ताठ लादी वजन झेलते, वर आठ-दहा पावलं निर्धास्त टाकू देते आणि मग पातळ कडेवर पाय पडला की सगळी एकदम सुटते. पहिला माणूस पलीकडे गेला म्हणजे उतार पक्का, ही समजूत इथेच फसते. तिसरा, पाचवा, नववा माणूसही ती सोडवू शकतो.

ती साचते कुठे? धारेच्या वाऱ्याआडच्या बाजूला, कॉर्निसच्या म्हणजे धारेवरून बाहेर झुकलेल्या बर्फाच्या छज्जाच्या खाली, उतार जिथे फुगीर होऊन खाली वळतो त्या पोटाशी. आणि घळींमध्ये. सह्याद्रीत वाढलेल्या पायांना इथे सवय बदलावी लागते. आपल्याकडे नाळ म्हणजे वर जाण्याची हक्काची वाट आणि उघडी धार म्हणजे दृष्टिभयाची जागा. बर्फात हे उलटं आहे. उताराला आडवा वाहणारा वारा प्रत्येक घळीच्या एका कुशीत लादी रचून जातो, त्यामुळे एकाच उतारावर पाच मीटरवर उघडा खडक आणि शेजारी ८० सेंटिमीटर बर्फ असं चित्र असतं. शिवाय घळीत सुटलेला बर्फ पसरत नाही, खोल साचतो. वाऱ्याने झोडपलेली, दगड दिसणारी सोंड त्रासाची असली तरी बहुधा तीच खरी वाट.

वारा थांबल्यानंतरचे पहिले २४ ते ४८ तास सर्वांत नाजूक. खाली चांगला बर्फ असेल तर लादी काही दिवसांत बसते. खाली साखर असेल तर ती कित्येक आठवडे तशीच दबा धरून राहते.

घरून निघण्याआधी

आधी मागचा हवामानाचा हिशोब लावा, मग पुढचा. पहिला बर्फ कधी पडला, नंतर किती दिवस कोरडे गेले, शेवटचा वारा कधी आणि कुठून होता. ऑक्टोबरात बंगालच्या उपसागरातली चक्रीवादळंही विसरू नका. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी विशाखापट्टणमला धडकलेलं हुदहुद दोनच दिवसांत नेपाळात पोचलं आणि थोरोंग ला या खिंडीच्या परिसरात हिमवादळ व हिमस्खलनांत ४० हून अधिक जण दगावले. किनाऱ्यावरचं वादळ आणि आपला ट्रेक यांत हजार किलोमीटर अंतर आहे, हा दिलासा खोटा.

वाऱ्याचा अंदाज बघताना गावाचा वारा बघू नका, उंचीचा बघा. हवामानाच्या ॲपवर ७०० हेक्टोपास्कलचा थर म्हणजे साधारण ३,००० मीटर, ६०० म्हणजे साधारण ४,२०० आणि ५०० म्हणजे साडेपाच हजारांच्या थोडं वर. तुमच्या खिंडीच्या उंचीला मिळता थर निवडा आणि मागच्या तीन दिवसांचा वेग आणि दिशा वहीत लिहा. पश्चिमेचा वारा असेल तर पूर्व आणि ईशान्य उतार भरले गेले. संरक्षण खात्याची चंडीगढची डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, ते बघावेतच. पण ते मोठ्या प्रदेशासाठी असतात. तुमच्या वाटेवरच्या एका घळीबद्दल ते काही सांगणार नाहीत.

नकाशावर उतार मोजणं सोपं आहे. १:५०,००० नकाशावर २०० मीटरचा चढ ७ मिलिमीटरपेक्षा कमी अंतरात बसत असेल तर उतार सरासरी ३० अंशांहून तीव्र. ५.७ मिलिमीटरमध्ये बसला तर ३५ अंश. असे पट्टे लाल पेन्सिलीने रंगवा. सरासरीत दहा-पंधरा मीटरचा छोटा तीव्र टप्पा लपतो आणि माणसाला पुरायला तेवढा टप्पा पुरतो, म्हणून जागेवर पुन्हा मोजायचंच.

आणि एक राखीव दिवस. परतीचं तिकीट काढलेलं असतं, सुट्टी संपत आलेली असते, म्हणून वारा थांबल्याच्या दुसऱ्याच सकाळी गट खिंडीकडे निघतो. निर्णय तिथे चुकत नाही, तो तिकीट काढताना चुकलेला असतो.

वाटेवर काय बघायचं

पहाटे तंबूतून बाहेर आल्यावर धारांकडे बघा. माथ्यावरून बर्फाची पिसं उडताना दिसली तर लादी या क्षणी रचली जाते आहे, आणि पिसं ज्या बाजूला झुकतात ती बाजू आज वर्ज्य. जमिनीवरच्या खुणाही बोलतात. बर्फावर वाऱ्याने कोरलेले नांगरटीसारखे कंगोरे असतात. त्यांचं उभं, टोकदार तोंड वारा आला त्या दिशेला असतं. वाऱ्याने रचलेला बर्फ चकाकत नाही, खडूसारखा निस्तेज दिसतो. काठीने ठोकला तर ढोलासारखा पोकळ आवाज येतो.

चालताना दर काही मिनिटांनी काठी बर्फात हळू दाबत जा. वर विरोध जाणवला आणि मग काठी एकदम आत गेली, तर टणकाखाली भुसभुशीत आहे. सपाटीवरही पायाखालून ‘धप्प’ असा दबका आवाज आला किंवा पावलापासून काचेसारखी चीर पळत गेली, तर चाचणी करायची गरज उरत नाही. निसर्गाने निकाल दिला आहे. ३० अंशांच्या वरचे सगळे उतार आणि त्यांच्या पायथ्याच्या जागाही त्या दिवसापुरत्या बंद. आजूबाजूला सारख्याच दिशेच्या उतारावर ताजं हिमस्खलन दिसलं तरी हेच.

उतार मोजायला क्लिनोमीटर नसेल तर समान लांबीच्या दोन काठ्या चालतात. एक काठी उताराच्या सरळ दिशेत, मूठ खाली ठेवून, बर्फात दाबा आणि ठसा उमटवा. वरचं टोक तिथेच ठेवून मुठीकडचं टोक उचला. त्या मुठीपाशी दुसरी काठी लोलकासारखी उभी लोंबू द्या आणि तिचं टोक बर्फाला टेकेपर्यंत दोन्ही खाली आणा. टोक ठशाच्या खालच्या खुणेवर बरोबर टेकलं तर ३० अंश. त्याच्याही खाली टेकलं तर जास्त, १२० सेंटिमीटरच्या काठीला दर १० सेंटिमीटरमागे सुमारे ३ अंश. हे मोजमाप धोक्याच्या उताराच्या बाहेर, तशाच छोट्या उतारावर करायचं.

खड्डा खणून चाचणी

वीस मिनिटं लागतात. धातूचं फावडं, बर्फाची करवत किंवा गाठी मारलेली ३ मिलिमीटरची तीन-चार मीटर दोरी हवी. जागा सुरक्षित, पण ज्या उतारावर जायचं त्याच दिशेची आणि उंचीची. या हंगामात खड्डा थेट जमिनीपर्यंत न्या. भिंत सरळ कापून वरून खाली हाताने दाबत जा: मूठ, चार बोटं, एक बोट, पेन्सिल, चाकू. जिथे फक्त एक बोट जातं त्याच्या खाली मूठ सहज जाऊ लागली, तर तो सांधा संशयित.

मग उताराला आडवा ९० सेंटिमीटर रुंद आणि वरच्या दिशेने ३० सेंटिमीटर खोल ठोकळा चारी बाजूंनी मोकळा करा. एका टोकावर फावड्याचं पातं आडवं ठेवून मनगटातून १० टिचक्या, कोपरातून १० थापा, खांद्यातून १० ठोके. चीर फुटली त्याच किंवा पुढच्याच ठोक्याला ती ९० सेंटिमीटर आरपार गेली, तर लादी सुटण्याची तयारी आहे, परत फिरा. चीर फावड्याखालीच राहिली किंवा आलीच नाही, तर चांगली गोष्ट, पण ‘जा’ असा परवाना नव्हे. वाऱ्याची लादी पाच मीटरवर वेगळी असते. चाचणीने नकार मिळाला तर तो मानायचा, होकार मिळाला तर इतर खुणांशी ताडून बघायचा.

वाट निवडताना आणि ओलांडताना

शंका असेल तिथे ३० अंशांखाली आणि तीव्र उतारांच्या पायथ्यापासूनही दूर राहणं, हा एकच उपाय हमखास चालतो. त्यासाठी वळसा पडला, दोन तास वाढले तरी घ्यावा. सोंडेवरून चढा, कॉर्निसच्या काठापासून आत खूप अंतर ठेवा, कारण तो अंदाजापेक्षा बराच मागून तुटतो. उतारात डोकावणाऱ्या एकट्यादुकट्या दगडाला टेकून विसावा घेण्याचा मोह टाळा. लादी तिथे सर्वांत पातळ आणि खालची साखर सर्वांत जाड असते. माणसाच्या वजनाचा परिणाम साधारण मीटरभर खोल पोचतो. या दिवसांतल्या लाद्या त्याहून पातळ असतात, आणि बूट स्कीपेक्षा खोल रुततो.

छोटा उतार ओलांडणं टाळता येतच नसेल तर एका वेळी एकच जण. बाकीचे सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवतील. सॅकचा छातीचा आणि कमरेचा पट्टा सैल, काठ्यांचे मनगटाचे पट्टे काढलेले. ‘दहा-दहा फूट अंतर ठेवा’ ही सूचना निरुपयोगी आहे. १५ जण दहा फुटांवर म्हणजे सगळेच एका लादीवर. दोराने बांधलेली साखळीही लादीपुढे टिकत नाही, एकाबरोबर सगळे जातात. हिमनदीवर भेगांसाठी दोर लागतो, तिथे चढाईचा मार्गच असा निवडा की वर भरलेला उतार आणि खाली उघडी भेग अशी जोडी येणार नाही. खाली काय आहे हे प्रत्येक उताराआधी बघा: भेग, कडा, ओढ्याचं अरुंद पात्र असेल तर लहानशी लादीही पुरते.

तंबूची जागाही याच नजरेने. तळावरून उताराच्या माथ्याकडे बघताना कोन २५ अंशांहून जास्त असेल तर मुक्काम नको. १८ अंशांच्या आत असेल तर बर्फ तिथवर क्वचितच येतो. मोडलेली, एका बाजूच्या फांद्या सोलवटलेली देवदाराची झाडं ही बर्फाची जुनी वाट असते.

सुटलंच तर

ओरडा, काठ्या सोडा, तिरके बाजूला पळायचा प्रयत्न करा. वाहत गेलात तर पृष्ठभागावर राहण्यासाठी जोर लावा. वेग मंदावताना एक हात तोंडासमोर आणा, श्वासापुरती पोकळी राहील.

वर राहिलेल्यांकडे वेळ फार थोडा. पहिल्या १० ते १५ मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक जण वाचतात, अर्ध्या तासानंतर प्रमाण झपाट्याने कोसळतं. म्हणून खालून मदत येण्याची वाट बघण्यात अर्थ नसतो. शेवटचं दिसलेलं ठिकाण डोळ्यांत धरा, वरून आणखी काही सुटणार नाही ना ते बघा, सगळ्यांचे बीकन, म्हणजे गाडलेल्याचा रेडिओ सिग्नल पकडणारी अंगावरची यंत्रं, शोध-स्थितीत आणा. मोबाइल बंद करा किंवा निदान ५० सेंटिमीटर दूर ठेवा. ४० मीटर रुंदीचे पट्टे घेत खाली उतरा. सिग्नल मिळाला की बाणाच्या मागे जा. आकडा ३ च्या आत आला की बीकन बर्फाला टेकवून हळू आडवा-उभा फिरवा. सर्वांत लहान आकड्यावर प्रोब, म्हणजे चाचपायची लांब सळई, बर्फाच्या पृष्ठभागाला काटकोनात खुपसा, मग २५ सेंटिमीटर अंतराने गोलाकार वाढवत जा. लागला की प्रोब काढायचा नाही. खोलीच्या दीडपट अंतर खाली सरकून, तिथून आडवं खणत आत शिरा. एक मीटर खोलीला टनभर बर्फ उपसावा लागतो, प्लॅस्टिकचं फावडं मोडतं. तोंड आणि छाती मोकळी होताच श्वास बघा. नसेल तर आधी ५ कृत्रिम श्वास, मग छाती दाबणं.

बीकन, प्रोब आणि फावडं तिन्ही प्रत्येकाकडे हवं, आणि घरामागच्या मैदानात लपवून-शोधून सराव झालेला हवा. ट्रेकच्या शुल्कात ते येतं असं धरू नका, विचारा. नसेल तर तीव्र उताराची वाट त्या गटासाठी नाही.

भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर बाळगणं बेकायदा आहे. तेव्हा मोबाइलला रेंज मिळणारी शेवटची जागा, तिथवर धावत पोचायला लागणारा वेळ, सर्वांत जवळची आयटीबीपी (भारत-तिबेट सीमा पोलीस) किंवा एसडीआरएफची (राज्य आपत्ती प्रतिसाद दल) चौकी आणि ११२ हा क्रमांक, एवढं प्रत्येकाच्या खिशातल्या कागदावर लिहिलेलं असू द्या. फोनची बॅटरी थंडीत मरते, म्हणून कागद.